अचल म्हणविलेल्या भूमीचे भूकंप

आमच्या काष्टी परिसरातील एखाद्या वृद्ध गृहस्थास, ‘आपल्या मुलखावर आजवर कोणकोणती संकटे आली?’ असा प्रश्न केला, तर तो न अडखळता दुष्काळांची मालिका सांगू लागतो. १९७२ चा दुष्काळ त्याने स्वतः भोगलेला असतो. खडी फोडण्याचे काम, सुकडीचे वाटप आणि चाऱ्यावाचून बाजारात मातीमोलाने गेलेली खिल्लारी जनावरे त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पणज्या-खापरपणज्यांच्या कथांतून त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो. प्लेगची साथ, १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ, भीमामाईचे पूर, हेही त्याच्या यादीत येते. भूकंपाविषयी विचारले की मात्र तो मान हलवितो आणि म्हणतो, “भूकंप आपल्याकडे होत नाही. आपली जमीन पाषाणाची आहे.”

प्रस्तुत लेखात आम्ही या एका वाक्याचाच इतिहास ज्ञातिबांधवांपुढे मांडणार आहोत. हे वाक्य कोठून आले, ते किती वेळा खोटे ठरले आणि खोटे ठरूनही ते कसे टिकून राहिले, हा विषय केवळ जिज्ञासेचा नाही. आपल्या समाजाच्या पुष्कळ कुटुंबांची जुनी घरे अजून गावठाणात उभी आहेत व त्या घरांत माणसे निजत आहेत, म्हणून हा विषय स्मरणिकेसाठी घेतला आहे.

पृथ्वी स्थिर आहे ही समजूत तर फारच प्राचीन. अमरकोशात पृथ्वीची जी नावे दिली आहेत त्यांत ‘अचला’ आणि ‘स्थिरा’ ही दोन्ही आहेत. तरीही आपले पूर्वज भूकंपास अनभिज्ञ नव्हते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपाच्या लक्षणांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. जलात राहणारे महाकाय प्राणी, पृथ्वी पेलून थकलेले दिग्गज, परस्परांवर आदळणारे वारे, अशी निरनिराळ्या आचार्यांची निरनिराळी मते त्याने तेथे नोंदविली आहेत. शेषाने मस्तक हलविले की धरणी कापते, ही कथा तर आपल्या घराघरांत आजीच्या तोंडून ऐकू येत असे. म्हणजे भूकंप ठाऊक होता. तो आपल्या दारी येत नाही एवढीच खात्री होती.

या खात्रीस इंग्रजी अमदानीत शास्त्राचा आधार मिळाला. १८९७ चा आसामचा, १९३४ चा बिहारचा, १९३५ चा क्वेट्ट्याचा आणि १९५० चा पुनश्च आसामचा, असे जे प्रचंड भूकंप वर्तमानपत्रांतून गाजले, ते सारे हिमालयाच्या व वायव्य सरहद्दीच्या डोंगररांगांलगतचे होते. १८१९ साली कच्छमध्ये धरणी फाटून मैलोगणती लांबीचा बांध उभा राहिला होता. पण कच्छही आपल्यापासून दूरच. दख्खनचे पठार हे अतिप्राचीन खडकाचे बनलेले असून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्यावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले व त्यांचा काळा पाषाण झाला. हे सारे सत्यच आहे. परंतु त्यावरून ‘जुने म्हणून स्थिर’ असा जो निष्कर्ष काढला गेला, तो भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांत शिरला आणि तेथून पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यात बसला. विहीर खणताना सुरुंग लावल्यावाचून जो खडक फुटत नाही, तो आपोआप हलेल असे शेतकऱ्यास तरी का वाटावे?

जुने दप्तर चाळले तरी या समजुतीस धक्का देणारे फारसे हाती लागत नाही. मुंबईत २६ मे १६१८ रोजी भूकंप होऊन दोन हजार माणसे दगावली, अशी एक नोंद एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी सूचीत आहे व ती पुढे अनेकांनी उतरवून घेतली. परंतु अलीकडील अभ्यासकांचे म्हणणे असे की, तो भूकंप नसून समुद्रावरून आलेले भयंकर वादळ असावे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या परिसरात सहाहून अधिक मापाचा खराखुरा भूकंप झाला व तो दूरदूरच्या शहरांत जाणवला. परंतु त्याचे मूळ भूगर्भात पुष्कळ खोल असल्याने हानी थोडी झाली, आणि ज्या संकटाने घर पाडले नाही ते संकट लोक विसरून जातात.

१९६२ साली भारतीय मानक संस्थेने देशाचा भूकंपप्रवण विभागांचा पहिला नकाशा तयार केला. त्यात अगदी निर्धास्त अशा प्रदेशासाठी ‘शून्य’ असा विभाग होता, आणि दख्खनच्या पठाराचा मोठा भाग या शून्यात मोडत होता. सह्याद्रीतील कोयनेचे खोरेही त्यातच होते. योगायोग असा की, त्याच सुमारास कोयना धरणाच्या मागे पाणी साठू लागले होते.

कोयना प्रकल्प ही त्या काळी नव्या महाराष्ट्राची केवढी मोठी आशा होती हे आजच्या तरुण वाचकांस सांगावे लागेल. १०३ मीटर उंचीचे व ८०० मीटरांहून अधिक लांबीचे धरण, त्यामागे सुमारे २८० कोटी घनमीटर पाण्याचा शिवसागर, आणि डोंगराच्या पोटात कोरलेले वीजगृह! मुंबईच्या गिरण्यांपासून खेड्यातील पिठाच्या चक्कीपर्यंत ही वीज पोहोचावयाची होती. जलाशय भरू लागल्यावर थोड्याच काळात आसपासच्या वस्त्यांतील लोक जमिनीखालून गुरगुर ऐकू येते, भांडी हलतात, अशा तक्रारी करू लागले. प्रथम त्यांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे १९६३ च्या सुमारास धक्के मोजण्याची उपकरणे बसविण्यात आली आणि धक्के खरोखरच होत असल्याचे सिद्ध झाले. १९६७ च्या सप्टेंबरात एक चांगलाच जोरदार धक्का बसला. तरीही सह्याद्रीत मोठा भूकंप होईल असे कोणी मानीत नव्हते.

सोमवार, ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. थंडीचे दिवस, सारी वस्ती साखरझोपेत. सहाहून अधिक मापाच्या त्या एका धक्क्याने कोयनानगरातील बहुतेक घरे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली व दीड हजारांहून अधिक जखमी झाली. वीजनिर्मिती थांबून मुंबई अंधारात गेली व गिरण्या बंद पडल्या. हा धक्का पश्चिम भारतात शेकडो मैलांवर जाणवला.

काष्टी गाव कोयनानगरापासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे. आम्ही त्या वेळी सहा-सात वर्षांचे होतो. स्वयंपाकघरातील उतरंड खडखडली, कंदील खुंटीवर हेलकावला, एवढेच आम्हांस स्मरते. वडीलधाऱ्यांस वाटले की दौंड-मनमाड मार्गावरून एखादी लांबलचक मालगाडी जात असावी. गाडीचा आवाज स्टेशनाकडे न जाता घराखालीच का विरला, याची चर्चा दुसऱ्या दिवशी चावडीवर झाली, आणि कोयनेची बातमी आल्यावर उलगडा झाला.

धरणाचे काय झाले, ही त्या वेळी सर्वांच्या जिवास लागलेली काळजी होती. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्याची जी दुर्दशा झाली, तीस सहा-साडेसहा वर्षेच लोटली होती. कोयनेच्या धरणास ज्या उंचीवर त्याच्या बाहेरील बाजूचा उतार बदलतो, तेथे आडवे तडे गेले. परंतु धरण उभे राहिले. पुढे त्यास बाहेरून काँक्रीटचे टेकू देऊन बळकट करण्यात आले. धरणाच्या पोटातच बसविलेल्या उपकरणाने त्या पहाटेच्या हादऱ्याचा जो आलेख काढला, तो पुढे जगभरच्या अभियंत्यांनी धरणांच्या बळकटीचा हिशेब करताना आधारास घेतला आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातील एका वाईट पहाटेची ही नोंद परदेशी विद्यालयांतून अभ्यासिली जाते, याची कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांस असेल.

भूकंप धरणामुळे झाला की काय, हा वाद मग पेटला. एवढे पाणी चढल्याने त्याच्या भारानेच जमीन खचली, असे सर्वसामान्य माणूस म्हणू लागला. काही भूशास्त्रज्ञांचे मत याच्या अगदी उलट होते. धरण नसतेच तरी भूकंप झाला असता, असे ते म्हणत. युनेस्कोचे तज्ज्ञही पाहणी करून गेले. जगात अन्यत्र असे घडले होते काय याचा शोध घेता, चीनमधील शिनफेंगजियांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) व ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) या जलाशयांपाशी अशाच घटना झाल्याचे दिसून आले. या सर्वांत कोयनेचा भूकंप मोठा ठरला.

आज जे मत बहुमान्य आहे ते असे. भारताची भूमी वर्षास काही सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत असून हिमालयापाशी आशिया खंडास रेटीत आहे. या रेट्याचा ताण साऱ्या द्वीपकल्पात, अगदी आपल्या पायांखालीही, साठत असतो. खोल खडकांत पुरातन भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबल्या गेल्याने सरकत नाहीत. जलाशयाचे पाणी फटींतून खोलवर झिरपले की त्याचा दाब या दोन्ही बाजूंस अत्यल्प का होईना पण दूर लोटतो, आणि साठलेला ताण मोकळा होण्यास वाट मिळते. जात्याचा वरचा दगड केसभर उचलला की जे जाते फिरत नव्हते ते फिरू लागते, तद्वत् हा प्रकार आहे. पाण्याने ताण निर्माण केला नाही, निमित्त मात्र दिले. कोयना आणि पुढे १९८५ पासून भरू लागलेल्या वारणा धरणाच्या टापूत, अवघ्या वीस-तीस किलोमीटरांच्या पट्ट्यात, १९६७ पासून पाचांहून अधिक मापाचे वीसांवर भूकंप झाले आहेत. पावसाळ्यात जलाशय भरला की त्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात, हेही दिसून आले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता यांनी या अभ्यासात आपली हयात वेचली. कोयना खोऱ्यातील गोठणे येथे तर तीन किलोमीटर खोलीचे छिद्र पाडण्यात आले असून ते काम २०१७ साली पूर्ण झाले. तेथे काळ्या पाषाणाची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली व त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट लागला.

१९७० साली नकाशा सुधारण्यात आला. ‘शून्य’ हा विभागच त्यातून काढून टाकला गेला आणि कोयनेचा टापू धोक्याच्या वरच्या विभागात गेला.

आता आमच्या वाक्याकडे वळू. कोयनेनंतर ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ हे म्हणणे मरावयास हवे होते. ते मेले नाही. त्यास एक शेपूट जोडले गेले. “तो धरणाचा भूकंप. आपल्याकडे कोठे एवढे धरण आहे?” घोडचे धरण काही कोयनेएवढे नव्हे, हे खरेच होते. त्यामुळे श्रीगोंदे, कर्जत, जामखेडपासून पार मराठवाड्यापर्यंतचा मुलूख पुन्हा निर्धास्त झाला. नकाशातही लातूरकडील प्रदेश त्या वेळच्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागातच राहिला.

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी गावास १९९२ च्या ऑगस्टपासून जमिनीखालून आवाज येऊ लागले. १८ ऑक्टोबर १९९२ रोजी बसलेला धक्का भिंतींस तडे जाण्याइतका जोराचा होता. लोक घाबरले, काही काळ उघड्यावर निजले. मग धक्के मंदावले. थंडी आली, सुगी आली, आणि माणसे पुन्हा आपापल्या छपराखाली गेली. शेतकऱ्याने तरी किती दिवस घर सोडून राहावे? हे आवाज मोठ्या भूकंपाची पूर्वसूचना आहेत असे त्या वेळी निश्चितपणे सांगण्याची विद्या कोणापाशी नव्हती. ती आजही नाही. परंतु भिंती व छप्परे यांविषयी त्या वर्षभरात काही करता आले असते, ही गोष्ट आमच्या मनास सतत टोचत राहते. ते सुचले नाही याचे कारण ते एक वाक्य होते.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून मंडळी रात्री उशिरा परतली व थकून निजली. गुरुवार, ३० सप्टेंबर रोजी पहाटे चारच्या सुमारास, सव्वासहाच्या आसपास मापाचा भूकंप झाला. त्याचे मूळ भूपृष्ठापासून फार खोल नव्हते, त्यामुळे लहान टापूत त्याचा घाव अतिशय कडक बसला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे पाहता पाहता दगडमातीचे ढीग झाली. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी गणतीप्रमाणे ७,९२८ माणसे मरण पावली आणि सुमारे सोळा हजार जखमी झाली. तुलनेसाठी एवढेच सांगतो की, कोयनेचा भूकंप मापाने किल्लारीपेक्षा कमी नव्हता.

मग एवढी माणसे का मेली? या प्रश्नाचे उत्तर घरांत आहे, आणि येथे आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत, कारण ही घरे आपल्या ओळखीची आहेत.

मराठवाड्यातील, तद्वतच आपल्या नगर जिल्ह्याच्या दक्षिण तालुक्यांतील, जुने घर म्हणजे दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. भिंत दोन-अडीच फुटांची, कोठे कोठे त्याहूनही रुंद. उन्हाळ्यात आत गारवा, चोरास सहजी भोक पाडता येऊ नये हा हेतू, आणि शिवाय भिंतीची जाडी ही घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण. सोयरीक जमविण्यास आलेला पाहुणा प्रथम भिंत पाहतो, असे आमच्याकडे गमतीने म्हणत. परंतु ही भिंत दिसते तशी एकसंध नसते. बाहेरून घडीव दगडाचा एक पदर, आतून दुसरा पदर, आणि मध्ये दगडगोटे व चिखल यांची भर. दोन्ही पदरांस एकत्र बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड काटकसरीपायी किंवा गवंड्याच्या आळसापायी पुष्कळदा घातलेलाच नसतो. जमीन आडवी हलली की एक पदर बाहेर कोसळतो, दुसरा आत निजलेल्या माणसांवर येतो.

वरचे माळवद याहून घातक. तुळयांवर फळ्या वा काटक्या, त्यांवर पांढरी माती. ही माती प्रथम घातली जाते तेव्हा फूटभर असते. पण दरसाल पावसाळ्याच्या तोंडी गळती थांबावी म्हणून तीवर नवा थर चढतो; जुना कोणी काढीत नाही. वडिलांनी चढविलेली माती, आजोबांनी चढविलेली माती, अशी पिढ्यांची माती डोक्यावर साठत जाते. किल्लारीत हेच ओझे खाली आले. अनेक माणसे दगडाच्या माराने मेली नसून त्या मातीत गुदमरून मेली.

आणि जगले कोण? ज्यांस जाड भिंत परवडत नव्हती ते. गावाबाहेरच्या कुडाच्या व गवती छपराच्या झोपड्या हलल्या, कलल्या, पण त्यांनी माणसे मारली नाहीत. श्रीमंताचा वाडा पडला आणि गरिबाचे खोपट राहिले, हे त्या भागात जाऊन आलेल्या प्रत्येकाने सांगितले. आणखी एक गोष्ट पाहणी करणाऱ्यांच्या ध्यानात आली. ज्या जुन्या घरांत सागवानी वा बाभळीच्या खांबांवर तुळया टेकलेल्या होत्या, म्हणजे ज्यांस आपण खणाचे घर म्हणतो, तेथे भिंती पडूनही पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला व त्याने माळवद तोलून धरले. आपले पूर्वज घर ‘किती खणांचे’ असे मोजीत. भिंतीवर ते मोजीत नसत. खांब मजबूत व एकमेकांस सांध्याने जखडलेले असावेत, ही जुन्या सुतारांची रीत होती. पुढे लाकूड महागले, लोक खांब वगळून तुळया सरळ भिंतीवर टेकवू लागले, आणि घर भिंतीच्या हवाली झाले.

त्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राने केलेली मदत विसरण्यासारखी नाही. आमच्या भागातूनही भाकऱ्यांच्या चवडी, घोंगड्या, धान्य यांनी भरलेल्या मालमोटारी गेल्या. जुन्या कपड्यांचे तर एवढे ढीग पडले की ते रस्त्याच्या कडेस पावसात भिजत राहिले. मदतीसही विवेक लागतो, असे तेव्हा वाटून गेले. असो. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुलांस शिक्षणासाठी वाघोलीस आणले, हे कार्य मात्र दीर्घकाळ टिकणारे ठरले. ज्ञातिसंस्थांनी अशा प्रसंगी काय करावे याचा तो उत्तम नमुना आहे. सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठी पुनर्वसन योजना आखली. पूर्ण नष्ट झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावठाणातील अरुंद बोळ आणि एकमेकांस टेकलेली घरे जाऊन रुंद सरळ रस्ते व सुटी घरे आली. त्यात शेजार तुटला, शेत दूर गेले, चुलीस व गुरांस जागा उरली नाही, अशी कुरकुरही पुष्कळ झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती.

किल्लारीने शास्त्रज्ञांसही चकित केले. तेथे छिद्र पाडून पाहता काळ्या पाषाणाचा थर अवघा ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली तोच अतिप्राचीन खडक होता, ज्यास स्थिर म्हणण्याचा प्रघात होता. जवळच निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय असल्याने काहींनी येथेही पाण्याचा संबंध लावून पाहिला, परंतु त्यावर कोयनेसारखे एकमत झालेले नाही. येथे आमच्या वाक्याची शेपटीही तुटली. धरणाचे मोठे निमित्त नसतानाही दख्खनच्या पोटात भूकंप होऊ शकतो, हे मान्य करणे भाग पडले. २००२ च्या सुधारणेत नकाशातील पहिला विभागही रद्द झाला व लातूरचा प्रदेश तिसऱ्या विभागात आला. प्रथम शून्य गेला, मग एक गेला. दोन्ही वेळा आधी माणसे गेली.

या साऱ्यात आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटलेली गोष्ट तेर गावाची आहे. संत गोरोबाकाकांचे तेर वाचकांस ठाऊक आहेच. प्राचीन काळी तगर या नावाने ही मोठी व्यापारपेठ होती. किल्लारीपासून ते फार लांब नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर संशोधकांनी तेथील जमिनीचे थर तपासले, तेव्हा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी त्या परिसरात असाच एखादा भूकंप झाला असावा, अशा खुणा त्यांस आढळल्या. हे अनुमान ग्राह्य मानले तर अर्थ स्पष्ट आहे. दीड हजार वर्षे म्हणजे साठ पिढ्या. दुष्काळ दर पिढीस एकदा तरी येतो, म्हणून आजोबा नातवास सांगतो. जे संकट साठ पिढ्यांत एकदा येते ते सांगावयास कोणता आजोबा उरणार? ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ याचा खरा अर्थ ‘आपल्या आठवणीत तो नाही’ एवढाच आहे.

किल्लारीनंतरही वाक्य जिवंत आहे, ही आश्चर्याची गोष्ट म्हणावी लागेल. आता ते म्हणते, “तो मराठवाड्याचा भूकंप.” काष्टीहून किल्लारी सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे, पण धरणीस जिल्ह्यांच्या हद्दी ठाऊक नसतात. ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसरात १९८३ साली धक्के बसले. पालघर जिल्ह्यात डहाणूकडे २०१८ च्या अखेरीपासून धक्क्यांची मालिकाच लागली व तेथील आदिवासी बांधवांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये व जुलैमध्ये साडेचारच्या आसपास मापाचे धक्के बसले व ते शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. आणि आपल्याच जिल्ह्याच्या, आता अहिल्यानगर म्हणविणाऱ्या या जिल्ह्याच्या, संगमनेर तालुक्यातील पठार भागात घारगाव-बोटा परिसरास २०१८ साली सौम्य धक्के जाणवले. यावरून उद्या काष्टीत भूकंप होईल असे कोणी म्हणू नये. तसे सांगणाऱ्या भविष्यवाद्यापासून तर दूरच राहावे. भूकंप केव्हा होईल हे सांगता येत नाही. कोणते घर पडेल हे मात्र पुष्कळ अंशी आधीच सांगता येते.

आपल्या समाजाची बरीच कुटुंबे आता पुण्यास, चाकणास, मुंबईस स्थायिक झाली आहेत. गावचे घर वृद्ध आईवडिलांच्या स्वाधीन आहे आणि दिवाळीस वा यात्रेस सारी मुलेबाळे त्याच माळवदाखाली ओळीने निजतात. अशा घरधन्याने जाणत्या गवंड्यास बरोबर घेऊन भिंतीच्या कडेने एकदा फिरावे. भिंतीस कोठे पोट सुटले आहे काय, कोपऱ्यात दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतले आहेत की नुसते टेकले आहेत, तुळई खांबावर आहे की भिंतीवर, हे पाहावे. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत अभियंत्यांनी जे उपाय केले ते फार खर्चाचे नाहीत. भिंतीस ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार लोखंडी सळई घालून काँक्रीटने भरणे, छपराखाली चारही भिंतींवरून एकसंध पट्टा फिरविणे, तुळईखाली खांब देणे, आणि माळवदावरील माती कमी करणे, एवढाच तो प्रकार. ज्यांस एकदम सारे करणे शक्य नाही त्यांनी निदान शेवटचा उपाय तरी प्रथम करावा. त्यास फावडे, घमेले व चार माणसांची दोन दिवसांची मजुरी एवढेच लागते. माती उतरविल्यावर गळतीची भीती वाटत असल्यास वर पत्रा टाकता येतो. माळवदावर नवी माती चढविण्याची आपली जुनी वेळ चैत्र-वैशाखाची. अंगण कोरडे असते व माणसे मोकळी असतात, म्हणून जुनी माती खाली उतरविण्यासही तीच वेळ सोयीची पडेल.